रविवारी लिहिलेली पत्रे

चि. भाचीस अनेक उत्तम आशीर्वाद.

केंब्रिजच्या चर्चिल कॉलेजातील अभिलेखागारात, म्हणजे जुनी कागदपत्रे जपून ती अभ्यासकांना उपलब्ध करून देणाऱ्या विभागात, विन्स्टन चर्चिल यांनी शाळकरी वयात आईवडिलांना लिहिलेली पत्रे ठेवलेली आहेत. तुझे वास्तव्य आता त्याच गावात असल्याने ती पाहण्याचा योग केव्हातरी येईलच. मात्र ती कोणत्या परिस्थितीत लिहिली गेली हे ठाऊक नसेल तर वाचणाऱ्याची फसगत होण्याचा संभव मोठा असल्याने त्यांच्यामागची हकीगत येथे मांडली आहे.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडातील सधन घराण्यांचा मुलगा साधारण आठव्या वर्षी घराबाहेर पडे. प्रथम त्याला 'प्रिपरेटरी', म्हणजे पुढील शिक्षणाची पूर्वतयारी करून घेणाऱ्या, लहान निवासी शाळेत घालत आणि तेराव्या वर्षाच्या सुमारास ईटन, हॅरो, रग्बी यांसारख्या मोठ्या शाळेत पाठवीत, जिला 'पब्लिक स्कूल' असे नाव असले तरी जिची भरमसाट फी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. रेल्वेमुळे मुलांना दूर पाठवणे सोपे झाले होते आणि 1840 साली एका पेनीत देशभर पत्र पोहोचवणारी टपालव्यवस्था सुरू झाल्यामुळे पत्रव्यवहारही स्वस्त झाला होता. त्यामुळे मूल वर्षातील बहुतेक महिने दृष्टीआड असले, तरी आठवड्याला येणाऱ्या पत्रातून ते खुशाल असल्याचे समाधान पालकांना मिळू लागले. अशा शाळांमधून रविवारी मुलांना एकत्र बसवून घरी पत्र लिहून घेण्याचा प्रघात होता, आणि ती पत्रे पाकिटात जाण्याआधी शिक्षकांच्या नजरेखालून जाणे ही सर्वसामान्य गोष्ट मानली जाई.

विन्स्टनचा जन्म 30 नोव्हेंबर 1874 चा. वडील लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल हुजूर पक्षातील वेगाने पुढे येणारे पुढारी होते आणि मूळच्या अमेरिकन असलेल्या आई जेनी यांचा दिवस लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळातील मेजवान्या व भेटीगाठींत जात असे. 1882 च्या नोव्हेंबरात, आठवे वर्ष पुरे होण्याआधीच, या मुलाला ॲस्कटजवळच्या सेंट जॉर्जेस या शाळेत ठेवण्यात आले. ही शाळा फॅशनेबल आणि महागडी होती. तिथे विजेचे दिवे होते, जे त्या वेळी नवलाचे समजत, पोहण्यासाठी तलाव होता आणि एका वर्गात अवघी दहा मुले असत. 3 डिसेंबर 1882 या तारखेचे, म्हणजे रविवारचे, विन्स्टनचे एक पत्र उपलब्ध आहे. वाढदिवस फार आनंदात गेला, मुख्याध्यापकांच्या पत्नीने एक छोटीशी भेट दिली, आईचे प्रेमळ पत्र मिळाले, असा त्यातील मजकूर असून त्यात वयाला शोभणारी शुद्धलेखनाची चूकही आहे. तक्रारीचा एक शब्दही या पत्रात नाही.

मात्र याच शाळेविषयी चर्चिल यांनी 1930 साली प्रसिद्ध झालेल्या 'माय अर्ली लाइफ' या आत्मचरित्रात जे लिहिले, ते या पत्राशेजारी ठेवून वाचावे लागते. तेथे शाळेचे खरे नाव न देता 'सेंट जेम्स' असे नाव योजले आहे, आणि बर्च झाडाच्या काटक्यांच्या जुडीने मुलांना मारण्याचा तिथला प्रकार किती क्रूर होता याचे वर्णन केले आहे. एका प्रौढाने चाळीस-पन्नास वर्षांनी रंगवून सांगितलेली आठवण म्हणून हे वर्णन कोणी बाजूला सारू नये, कारण त्याला स्वतंत्र दुजोरा आहे. पुढे कलासमीक्षक म्हणून नावारूपाला आलेले रॉजर फ्राय हे चर्चिल यांच्या काही वर्षे आधी याच शाळेत होते आणि त्यांच्या आठवणी व्हर्जिनिया वुल्फ यांनी लिहिलेल्या 1940 सालच्या चरित्रात छापलेल्या आहेत. येथे शिक्षा नाहीत असे फ्राय यांच्या पालकांना सांगण्यात आले होते, पण पहिल्याच सकाळी मुख्याध्यापकांनी, बाकी शिक्षा नसल्या तरी फटके मारण्याचा अधिकार आपण राखून ठेवला आहे, असे मुलांना ऐकवले. आणि वरच्या वर्गातील प्रमुख विद्यार्थी या नात्याने फ्राय यांना फटके खाणाऱ्या मुलाला धरून ठेवावे लागे. एवढे सारे घडत असलेल्या इमारतीतूनच ती आनंदी वाढदिवसाची बातमी निघाली होती.

तेव्हा ही पत्रे खोटी म्हणावीत काय? तसे म्हणणे मुलावर अन्याय करणारे ठरेल. आठ वर्षांच्या मुलाला जे लिहिण्याची मुभा होती तेवढेच त्याने लिहिले. आणि खरी गोष्ट कळवायची असती तरी, मारणारा तोच पत्र पाहणारा अशा ठिकाणी, ती कळवायला त्याच्यापाशी शब्द किंवा वाट होती असे दिसत नाही. म्हणून या पत्रांत 'मी आनंदात आहे' या अर्थाची वाक्ये ओलांडून मागण्यांकडे पाहावे, कारण मुलाचे मन त्या मागण्यांत उघडे पडते: मला भेटायला या, धाकट्या भावाला, जॅकला, घेऊन या, येणे जमत नसेल तर एव्हरेस्टला पाठवा. एलिझाबेथ एव्हरेस्ट ही त्याला तान्हेपणापासून सांभाळणारी बाई, जिला तो लाडाने 'वूम' म्हणे. त्याच्या अंगावरचे वळ पत्रांनी आईपर्यंत पोहोचवले नाहीत; ते या बाईच्या दृष्टीस पडले आणि 1884 साली त्याला ब्रायटनच्या, दोन अविवाहित बहिणी चालवीत असलेल्या सौम्य शाळेत हलवण्यात आले, असे चर्चिल यांचे चरित्रकार सांगतात.

याला समांतर असे उदाहरण मुंबईशी जोडलेले आहे. जे. जे. कलाशाळेतील शिक्षक जॉन लॉकवुड किपलिंग यांचा मुंबईत जन्मलेला मुलगा रुड्यार्ड याला 1871 मध्ये सहाव्या वर्षाच्या आत इंग्लंडातील साउथसी येथे परक्या कुटुंबात ठेवण्यात आले. तिथल्या छळाविषयी त्यानेही घरच्यांना वर्षानुवर्षे काही सांगितले नाही आणि त्याला वाचा फुटली ती पुढे लेखनातूनच.

विन्स्टनने ब्रायटनहून लिहिलेली पत्रे अधिक मोकळी आहेत. 1884-85 च्या हिवाळ्यात लॉर्ड रँडॉल्फ हिंदुस्थानच्या दौऱ्यावर असताना मुलाने त्यांना समुद्रप्रवासाबद्दल विचारले. वर्गातली मुले मागत असल्याने वडिलांच्या सह्या पाठवण्याची गळही एका पत्रात आहे. शाळासोबत्यांना ज्यांच्या सहीचे अप्रूप होते ते वडील एकदा ब्रायटनला येऊनही मुलाला न भेटता परत गेले. त्यावर त्याने लिहिलेले पत्र वाचवत नाही, इतके समजूतदार आहे: आपण का आला नाहीत ते कळले नाही, फार वाईट वाटले, पण आपल्याला वेळ नसेल. दुसऱ्याची सबब स्वतःच शोधून त्याच्या हाती देण्याची ही सवय त्या वयाच्या मुलाला लागावी, यातच त्या घरातील व्यवहार कळून येतो.

या साऱ्या संग्रहातील सर्वांत लक्षणीय पत्रे 1887 च्या जूनमधील आहेत. राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाल्याचा सुवर्णमहोत्सव लंडनमध्ये साजरा होणार होता, त्याच सुमारास बफेलो बिल यांचा घोडेस्वार व नेमबाजांचा अमेरिकन खेळही शहरात आला होता, आणि शाळेच्या बाई सोडायला तयार नव्हत्या. बारा वर्षांच्या विन्स्टनने आईला पत्रांमागून पत्रे लिहिली. बाईंचे आक्षेप कोणते ते कळवले, त्यांवरची उत्तरे सुचवली, आणि शेवटी आईने बाईंना काय लिहावे याचा मसुदाच तयार करून पाठवला, की तिने तो उतरून फक्त सही करावी. त्याला लंडनला जायला मिळाले. परतल्यावर मात्र, तिथे आपण नीट वागलो नाही ते आईने विसरावे, अशी विनवणी करणारे पत्र त्याने लिहिले. वाचणारा आधीच गुंतलेला आहे, त्याचे मन वळवायचे आहे, आणि हाती शब्दांखेरीज काही नाही, या अडचणीतून मुलाची लेखणी तयार होत गेली असे मानण्यास येथे भक्कम आधार मिळतो. तथापि तेवढ्यावरून त्या उपेक्षेचे समर्थन करणे हा निव्वळ निष्ठुरपणा होईल.

1888 मध्ये तो हॅरोला गेला, आणि तिथूनही वार्षिक समारंभाला या, मागल्या वेळी माझ्याकडे कोणी आले नव्हते, अशी पत्रे येत राहिली. 1891 च्या नाताळात त्याला घरी न बोलावता फ्रेंच शिकण्यासाठी व्हर्सायला पाठवले गेले. तेव्हा त्याने चिडून लिहिलेले पत्र जेनी यांनी एकच पान वाचून, लिहिण्याची रीत आवडली नाही, असे कळवून परत केले. केवळ आईवडिलांनाच दोषी धरणे योग्य नाही, कारण त्या वर्गात मुलांना असेच वाढवीत. परंतु त्याच वर्गातील अनेक पालक मुलांना भेटायला जात होते हेही नजरेआड करता येत नाही. जेनी यांच्या बाजूने एक गोष्ट निश्चित सांगता येते, की वेळेवर न मानलेली ती पत्रे त्यांनी फेकून दिली नाहीत. चर्चिल यांचे पुत्र रँडॉल्फ यांनी 1966 पासून प्रसिद्ध केलेल्या चरित्राला आणि त्यासोबतच्या पत्रखंडांना मुख्य आधार मिळाला तो या जपणुकीमुळेच.

लॉर्ड रँडॉल्फ 1895 च्या जानेवारीत वारले, आणि त्याच वर्षी एव्हरेस्टबाईही गेल्या. तिच्या अखेरच्या आजारात विन्स्टन तिच्यापाशी धावून गेला होता. 1896 च्या ऑक्टोबरात तो लष्करी अधिकारी म्हणून मुंबईला आला, ससून डॉकवर उतरताना खांदा दुखावून घेतला, पुण्याच्या छावणीत थोडे दिवस राहिला आणि बंगळूरला रुजू झाला. तिथूनही आईला पत्रे जातच होती आणि त्यांत मागण्याही होत्या, पण आता त्या पुऱ्या होऊ लागल्या होत्या: गिबनच्या इतिहासाचे 8 खंड, मेकॉलेचे 12, आणि ब्रिटिश संसदेतील वादांची वर्षावार नोंद देणारी जाडजूड वार्षिके जेनी यांनी बोटीने पाठवली. दुपारच्या उन्हात छावणी झोपलेली असताना मुलगा ती वाचत बसे आणि वाचून झालेल्या भागावर आपले मत आईला कळवी.

कळावे. प्रकृतीस जपावे. अनेक आशीर्वाद.