शंभरावे घर

गणिताच्या मास्तराला जगात कोणी खेळायला बोलावत नाही. पत्त्यांचा डाव बसला की मला एक कागद आणि पेन्सिल देतात आणि गुण मांडायला सांगतात. त्यामुळे "यंदा चाचणीऐवजी मुलांनी शिकलेल्या धड्यावर स्वतःच खेळ आणि कोडी तयार करावीत" हे प्रशिक्षणात ऐकलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

तशी प्रशिक्षणं मला नवी नाहीत. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं (ते नाव एका दमात म्हणता येणं हीच मला त्यातली अवघड परीक्षा वाटली), २०१५च्या सुमारास ज्ञानरचनावाद आला आणि आम्ही गुडघे टेकून फरशीवर चौकोन रंगवले. माझ्या एका पॅन्टवर अजून त्यातला एक चौकोन आहे. मग २०२०चं नवं धोरण आलं. त्यात खेळातून शिकण्यावर भर.

"तुम्ही काय खेळ शिकवणार?" आमची सौ. म्हणाली, "नातीशी ल्युडो खेळताना सोंगटी मेली की रुसून बसता!"

आमची शाळा तिसगावची. नगर-पाथर्डी रस्त्यावर करंजीचा घाट उतरला की पुढे आमचं गाव. (जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण कंडक्टरला नुसतं 'नगर' म्हटलं तरी तो अजून तिकीट फाडतो.) खेळ करून शिकवणं म्हणजे काही परदेशातून आलेली गोष्ट नाही, हे मी मुलांना मोठ्या ऐटीत सांगितलं. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण असा मोक्षपट ज्ञानेश्वरांनी तयार केला, असं परंपरा सांगते. आणि ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती १२९० साली, आपल्याच जिल्ह्यातल्या नेवाशाला. मुलांनी माना डोलावल्या. एकाने विचारलं, "सर, मग त्यांचीबी चाचणी रद्द झाली व्हती का?"

आठ दिवसांनी खेळ आले. बरेचसे बहिणीच्या नाहीतर शेजारच्या दादाच्या हातचे होते, हे अक्षरावरून कळत होतं. पण सहावीतल्या एका मुलीने नफा-तोट्यावर 'मढीचा बाजार' केला होता. मढी आमच्या शेजारीच. कानिफनाथांच्या यात्रेत तिथे रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा बाजार भरतो. मी तीस वर्षं फळ्यावर पेनं आणि आंबे विकत आलो. तिने मला पहिल्याच डावात एक गाढव विकलं.

"दात बघितले का, सर?"

"पुठ्ठ्याच्या गाढवाचे?"

"मागल्या बाजूला लिवलेत." दातांवरून वय, वयावरून भाव. दुवान, चौवान, अखंड. मी दुवानाच्या भावाने म्हातारं गाढव घेतलं होतं. वर त्याची चारा-पाण्याची चिठ्ठीही मलाच आली. शेकडा तोटा काढायला तिने मला पाटी दिली आणि माझं उत्तर तपासून घेतलं. वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले सर काय झालं ते बघायला आले आणि तेही एक गाढव घेऊन गेले.

दुसरा खेळ सातवीतल्या एका पोराचा. हा बोलतो कमी. दरवर्षी दिवाळीच्या आसपास त्याचं नाव हजेरीत लाल शाईत जातं, कारण आईबाप ऊसतोडीला निघतात. पाथर्डी तालुक्यात असे कितीतरी. धडा होता बँक आणि सरळव्याजाचा. त्याने लग्नपत्रिकेच्या मागे सापशिडी काढली होती.

पहिल्या घरावर मुकादम, हातात उचल. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणून सोंगट्या दोन-दोन आणि त्या बरोबरच चालवायच्या. एकीला ताप आला की दोघी थांबणार. वाढे विकले, की लहानशी शिडी. खाडा पडला, की साप. खाडा म्हणजे कामावर न गेलेला दिवस. त्याची मजुरी तर जातेच, वर दंड. कोपीत पाऊस शिरला, साप. गाडी रात्री दोनला भरायला आली, एक डाव थांबा. टनाचा दर, झालेले टन, उरलेली उचल, तिच्यावरचं व्याज, सगळं कोपऱ्यात मांडलेलं. सूत्र पुस्तकातलं. आकडे कुठले ते मी विचारलं नाही.

मी तीन डाव खेळलो. शंभराच्या घरावर पोचलो तेव्हा माझ्या डोक्यावर पहिल्यापेक्षा थोडीच कमी उचल होती.

"मग जिंकलो कसा म्हणायचं?" मी.

"शंभरावर नीट वाचा, सर."

तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं : बाकी पुढच्या दिवाळीला. घर एकवर जा.

आता मास्तर म्हटल्यावर सुधारणा सुचवल्याशिवाय राहवतं का? म्हटलं, "एखादी मोठी शिडी काढ की रे."

"कशाची?"

मी चष्मा पुसला. मग पेन्सिलीने दुसऱ्या घरापासून एक शिडी काढली आणि लिहिलं, 'हंगामी वसतिगृह'. सरकारची ती सोय आहे, पोरं गावातच राहून शिकतात. त्याने बराच वेळ शिडीकडे पाहिलं.

"पण सर, धाकटीला कोपीवर कोण बघंल?"

हा प्रश्न धड्याच्या स्वाध्यायात नव्हता. मी नोंदवहीत 'अ' श्रेणी लिहिली. घरी मुकादमाचा ट्रॅक्टर यायच्या आत आईबापांना भेटून आलो. चहा मिळाला. बाप म्हणाला, "बघू, गुरुजी." बघू म्हणजे काय ते मला इतक्या वर्षांच्या नोकरीत चांगलं कळतं.

दिवाळीनंतर त्याची जागा रिकामी. पट माझ्या कपाटात राहिला. मधल्या सुटीत मुलं मढीचा बाजार खेळत होती आणि शेजारचे सर गाढवावर गाढव घेत होते.

पाडव्यानंतर एका सकाळी तो दारात उभा. काळवंडलेला, उंच झालेला. मी म्हटलं, "आलास? बस."

तो बसला नाही. "सर, आपला पट काढा," म्हणाला, "खाड्याचा साप लहान काढलाय. लांब करावा लागंल."

मी कपाट उघडलं आणि त्याला खोडरबर दिलं.