फाइव्ह पॉइंट वन आणि पप्पा

"मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे," असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मला आधी हसूच आलं. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. अजूनही कोणी 'एकोणसाठ' म्हटलं की फोर्टी नाइन की फिफ्टी नाइन, याचा मनात हिशोब करावा लागतो. त्यात मराठी विभाग म्हटला की पहिला पाऊस, आई, नाहीतर होस्टेलची मेस! यातलं मला काही जमणार नाही. त्यामुळे जे जमतं त्यावरच लिहिते. विषय आहे, कमी पैशात घरासाठी पहिली सराउंड साउंड सिस्टिम कशी घ्यावी. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात, ही विनंती.

सेकंड इयर संपल्यावर उन्हाळ्यात मला दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. महिना आठ हजार स्टायपेंड. म्हणजे सोळा, आणि माझे साठवलेले दोन, असे अठरा हजार. आयुष्यातली पहिली कमाई! मैत्रिणी म्हणाल्या, गोव्याला जाऊ. पण माझं ठरलेलं होतं. आमच्या विंगमध्ये एकीकडे टू पॉइंट वन स्पीकर आहेत. त्यावर गाणं लागलं की आमच्या भिंतीवरचा आरसा थरथरतो. (रेक्टर मॅडम, हे फक्त संध्याकाळी आठपर्यंतच, बरं का!) तर इचलकरंजीच्या आमच्या घरात याच्याही वरचं, चांगलं फाइव्ह पॉइंट वन बसवायचं, अख्ख्या गल्लीला कळलं पाहिजे, असा माझा प्लॅन.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी थिअरी. फाइव्ह पॉइंट वन म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला असे तीन स्पीकर, बाजूला किंचित मागे दोन, असे पाच. आणि 'पॉइंट वन' म्हणजे फक्त खालच्या, १२० हर्ट्झपर्यंतच्या आवाजाचा वेगळा चॅनल. तो सबवूफरकडे जातो. ऐकणाऱ्यापासून समोरचे दोन स्पीकर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांवर, आणि मागचे १०० ते १२० अंशांवर असावेत, असं स्टँडर्डच आहे. ही कल्पना काही आजची नाही. डिस्नेच्या 'फँटेशिया'साठी १९४० सालीच थिएटरमध्ये वेगवेगळ्या बाजूंनी आवाज सोडला होता. डॉल्बी डिजिटलमधला पहिला सिनेमा १९९२ चा 'बॅटमॅन रिटर्न्स', आणि पुढच्याच वर्षी 'ज्युरासिक पार्क' डीटीएसमध्ये आला.

एवढा अभ्यास करून मी एका दुकानात गेले. दुकानदाराने एक चकचकीत खोकं पुढे केलं. त्यावर मोठ्या अक्षरात 'पीएमपीओ' आणि पुढे हजारांमध्ये वॉट! मी खोकं उलटं करून बघितलं, तर मागे बारीक अक्षरात पॉवर कन्झम्प्शन ६० वॉट. आता साठ वॉट घेऊन हजारो वॉट बाहेर टाकणारं यंत्र सापडलं असेल, तर थर्मोडायनॅमिक्सचा पेपर कॅन्सल करायला हवा! मी तसं म्हटलं, तर तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही आवाज ऐका ना, वॉट कशाला मोजता?" खरं तर तो बरोबर बोलला होता, फक्त चुकीच्या कारणासाठी. असो. लक्षात ठेवा, बघायचं ते आरएमएस. पीएमपीओ हा आकडा कोणीही, कसाही छापू शकतो.

खरेदी राहिली आणि मी दिवाळीला घरी गेले.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना इचलकरंजी ठाऊक असेल. महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. बसमधून उतरलं की आधी मागांची खडखड ऐकू येते, मग गाव दिसतं. पप्पा तिथे जॉबर आहेत. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. अठराव्या वर्षापासून ते शेडमध्ये आहेत, बारा-बारा तासांच्या पाळीत. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबल ही वरची मर्यादा आहे. जुन्या शटल लूमच्या शेडमध्ये आवाज त्याच्या वर जातो. कानात घालायला कापूस, तोही आठवण झाली तर.

पाडव्याच्या रात्री आम्ही टीव्हीवर सिनेमा बघत होतो. व्हॉल्यूम ६०. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, शेजारी काय म्हणतील?" विनोद झाला, मी आणि धाकटा भाऊ हसलो. पप्पांनी आमच्या तोंडाकडे बघितलं आणि मग तेही हसले. पुन्हा विनोद झाला. पुन्हा तसंच. आधी आमच्याकडे बघायचं, मग हसायचं. हे ते किती वर्षं करत होते कोण जाणे! मी वीस वर्षं त्याच घरात राहून ते पहिल्यांदा बघितलं.

आईला विचारलं तेव्हा तिने कपाटातून एक फाइल काढली. कानाच्या डॉक्टरांकडे केलेली तपासणी. त्यात ऑडिओग्राम होता. डावीकडे, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सीला, रेघ ठीकठाक आणि पुढे ३००० – ४००० हर्ट्झला धाडकन खाली. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा कान बहुधा आधी तिथेच जातो. सबंध सेमिस्टर मी बोडे प्लॉट काढले होते. तो आलेख वाचायला मला डॉक्टरांची गरज नव्हती. तो लो-पास फिल्टर होता. स्वर ऐकू येतात. पण स, श, त, थ, क ही व्यंजनं वर राहतात, ती गळतात. म्हणजे माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. त्यात व्हॉल्यूम वाढवून काय होणार? न कळणारा आवाजच मोठा होणार.

कागदावरची तारीख बघितली. मी सातवीत होते तेव्हाची.

सातवीतला एक ओपन हाउस मला नीट आठवतो. आमच्या सिस्टर फार हळू बोलायच्या. त्यांनी पप्पांना इंग्लिशमध्ये काहीतरी विचारलं. पप्पा म्हणाले, "यस सिस्टर." त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा "यस सिस्टर." मग त्यांनी मराठीत विचारलं, "तुम्ही काय काम करता?" पप्पा मान हलवून म्हणाले, "यस सिस्टर." मागे उभ्या असलेल्या दोन मुली फिसकन हसल्या. मला वाटलं, यांना इंग्लिश येत नाही म्हणून घाबरून मराठीतही 'यस' म्हणतायत. घरी जाताना गाडीवर मागे बसून मी रागाने एक शब्द बोलले नाही. बोलले असते तरी त्यांना ऐकू गेलं नसतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याच्या पुढच्या ओपन हाउसला मी म्हटलं, "पप्पा, तुम्ही नको, आईला पाठवा." ते "बरं" म्हणाले. त्या शाळेची फी भरायला ते ज्यादा पाळ्या करत होते.

डॉक्टरांनी कानाचं यंत्र घ्यायला सांगितलं होतं. पप्पांचं उत्तर, "यंत्र लावलं की माणूस म्हातारा झाला. मालक कामावर ठेवील काय?" विषय बंद.

होस्टेलवर परत आल्यावर मी माझा सगळा प्लॅन खोडला आणि नव्याने मांडला. आता प्रश्न गल्लीला ऐकवण्याचा नव्हता. (इथून पुढचं, ज्यांना सिस्टिम घ्यायची आहे त्यांनी नीट वाचावं.)

पहिली गोष्ट. फाइव्ह पॉइंट वनच्या सिनेमात संवाद बहुतेक सगळे मधल्या स्पीकरमध्ये असतात. टीव्हीला मधला स्पीकर नसतो. त्यामुळे टीव्ही तो चॅनल डाव्या-उजव्यात मिसळतो. मग संगीत, गाड्या, पाऊस आणि माणसाचं बोलणं, सगळ्याचा काला. त्यात सपाट टीव्हीचे स्पीकर छोटे आणि बहुधा खाली किंवा मागे तोंड करून. पण एव्ही रिसीव्हर आणि वेगळा सेंटर स्पीकर असेल तर एकट्या सेंटरचा आवाज तीन-चार डेसिबलने वाढवता येतो. बाकी सगळं आहे तसं, फक्त माणसं जवळ येतात. मला हवं होतं ते हेच.

दुसरी गोष्ट, सबवूफर. आमची खोली बारा बाय दहा फूट. आवाजाचा वेग ३४३ मीटर धरून भागिले खोलीच्या लांबीची दुप्पट केली की पहिला रूम मोड येतो, ४७ हर्ट्झ. रुंदीचा ५६. म्हणजे एवढ्याशा खोलीत कोपऱ्यात सबवूफर ठेवला की या दोन सुरांना नुसतं घुमणार, आणि ते घुमणं बोलण्यावर बसणार. सबवूफर रद्द! आरशाला हलवण्याचं माझं स्वप्न मी स्वतःच्या हाताने पुसलं.

तिसरी, वॉट. ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर एका वॉटला एका मीटरवर ८८ डेसिबल देतो. आमचा सोफा आठ फुटांवर. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर सहा डेसिबल जातात, त्या हिशोबाने सोफ्यावर ८० उरतात. साधं बोलणं साठच्या आसपास असतं. म्हणजे एक वॉटसुद्धा पुरून उरतो. तेव्हा वॉटपेक्षा सेन्सिटिव्हिटी बघा.

चौथी, मागचे दोन स्पीकर. त्यांना थांबवलं. आधी समोरचे तीन चांगले घ्यावेत, मागचे नंतर कधीही जोडता येतात. एकदम पाच आणि एक घ्यायला गेलं की त्याच पैशात सहाही फालतू येतात.

मग मी आणि रूममेट दोन शनिवार तपकीर गल्लीत फिरलो. सेकंड हँड रिसीव्हर आठ हजारांना मिळाला. घेण्याआधी प्रत्येक चॅनलला स्पीकर लावून ऐकला, आवाज वाढवून गुणगुण येते का बघितलं. मॉडेल जुनं, त्यातून ४के चित्र जात नाही. पण हरकत नाही, चित्र टीव्हीच दाखवणार, रिसीव्हरकडे ऑप्टिकल केबलने फक्त आवाज जाणार. पुढचे दोन स्पीकर पाच हजार, सेंटर तीन, वायर आणि केबल मिळून हजार. एकूण सतरा हजार. एक हजार शिल्लक!

डिसेंबरच्या सुट्टीत ते सगळं एसटीने घरी नेलं. पप्पांना काही सांगितलं नव्हतं. "हे काय आणलंस?" "पप्पा, सिनेमासाठी." ते म्हणाले, "पैसे ठेवायचे होते की गं." पण सेंटर स्पीकर टीव्हीखाली बसत नव्हता, त्याचं तोंड गुडघ्याकडे जात होतं, तेव्हा तेच उठले आणि शेडमधून आणलेला एक जुना लाकडी धोटा त्याच्या पुढच्या बाजूला खाली सरकवला. तोंड बरोबर कानाकडे झालं. टेस्ट टोन लावला, तिन्ही स्पीकर वाजले. मी खूश. सिनेमा लावला. पप्पा पुन्हा आमच्याच तोंडाकडे बघतायत.

मी रिमोट घेऊन मेनूत शिरले, सगळं बरोबर दिसत होतं. पप्पा उठले, तिन्ही स्पीकरच्या जाळीवर आळीपाळीने तळवा ठेवला. चालत्या मागाच्या फ्रेमवर असाच हात ठेवून ते कुठला बोल्ट ढिला झालाय ते सांगतात. म्हणाले, "ह्यो मधला मुका हाय बघ."

खरंच मुका होता! टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर होता. त्यात ऑप्टिकलवरून दोनच चॅनल जातात. ते 'बिटस्ट्रीम' केलं तशी रिसीव्हरवर डॉल्बी डिजिटलची अक्षरं उमटली. माझ्या चार सेमिस्टरना जे सापडलं नाही ते पप्पांच्या तळव्याला सापडलं. सेंटर चार डेसिबल वर, ट्रेबल थोडा वर.

पहिली फर्माईश अर्थातच 'अशी ही बनवाबनवी'. १९८८ चा सिनेमा, पप्पा सगळीकडे वेळेवर हसले. पण तो त्यांना पाठ आहे, ती टेस्ट धरता येत नाही. म्हणून दुसऱ्या रात्री त्यांनी न बघितलेला नवा सिनेमा लावला. मी पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत बसले. व्हॉल्यूम पूर्वीच्या मानाने बराच खाली होता. अर्ध्या तासाने एक विनोद आला आणि पप्पा हसले. आमच्याकडे न बघता. भावाच्याही आधी. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली. कोणी काही बोललं नाही.

खोटं कशाला लिहू, सगळं काही जादू झाल्यासारखं नीट झालं नाही. घाईने बोललेली वाक्यं अजून निसटतात. बायकांचे आवाज जास्त निसटतात. गेलेलं ऐकू येणं स्पीकर परत आणत नाही. सिनेमा संपल्यावर पप्पांनी विचारलं, "ह्यात मधलाच आवाज वाढवलास न्हवं?" मी म्हटलं, हो. "आणि ते कानाचं यंत्र? त्यात पण असंच असतंय काय?" मी फाइलमधला ऑडिओग्राम आणला आणि रेघ जिथे खाली जाते तिथे बोट ठेवून सांगितलं, की यंत्र जेवढं इथे कमी आहे तेवढंच वाढवतं, बाकीचं नाही. ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "बघू."

मग मी सातवीतल्या ओपन हाउसचं बोलले. ते म्हणाले, "सिस्टर काय विचारत होत्या गं?" मी म्हटलं, "तुम्ही काय काम करता, ते." "हात् तेच्या!" म्हणाले, "मला वाटलं, पोरगी हुशार हाय असं म्हणतायत."

शिल्लक हजार रुपये मी फाइलमध्ये ठेवून आले आहे, डॉक्टरांच्या फीसाठी. पुढच्या स्टायपेंडचंही ठरलंय, तो यंत्रासाठी. मागच्या दोन स्पीकरच्या वायरी मात्र मी आत्ताच भिंतीच्या कडेने ओढून, टोकांना टेप लावून ठेवल्या आहेत. आमच्या घरात सध्या थ्री पॉइंट झिरो आहे. कोणाला सिस्टिम घ्यायची असेल तर जरूर विचारा, तपकीर गल्लीत बरोबर येईन. मात्र सबमिशन झाल्यावर!