'अलाऊ' कोणाला?

दर रविवारी संध्याकाळी मी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर खाप्यातल्या चार मुलामुलींना इंग्रजी शिकवतो. चौघांची नुकतीच बारावी झाली आहे. राज्यात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, त्यामुळे शब्द त्यांच्याकडे भरपूर. अडतं ते दोन क्रियापदांच्या मधे माणूस बसवायचा असतो तिथे.

मराठीत 'बाबा जाऊ देत नाहीत' हे पूर्ण वाक्य आहे. कोणाला, ते ऐकणाऱ्याला कळतं, म्हणून आपण गाळतो. इंग्रजीत ते चालत नाही. 'टेल', 'अलाऊ' यांच्यामागे माणूस हवा, मग 'टू', मग पुढची क्रिया. 'लेट' आणि 'मेक'ला माणूस हवा, 'टू' नको : 'दे मेड मी वेट'. हेच वाक्य कर्मणी केलं की पळालेला 'टू' परत येतो : 'आय वॉज मेड टू वेट'. 'सजेस्ट'ला तर ही रचनाच चालत नाही, तरी 'सजेस्ट मी टू' ऑफिसच्या मेलमध्ये रोज दिसतं.

खरी मजा 'वॉन्ट'ची. 'त्यानं यावं असं मला वाटतं' यात येणारा 'तो' स्वतःच्या वाक्याचा कर्ता असतो. 'आय वॉन्ट हिम टू कम' म्हटलं की त्याचं कर्म होतं. मुलं 'आय वॉन्ट दॅट ही शुड कम' लिहितात. मी लाल रेघ मारतो, पण मला ते वाक्य जास्त सभ्य वाटतं.

मागच्या आठवड्यात यावर वाक्यं लिहायला दिली. एकीनं लिहिलं (तिला विचारूनच सांगतोय) : 'माय फादर डज नॉट अलाऊ टू गो टू नागपूर.' तिला इंजिनिअरिंग करायचंय. घरचे म्हणतात, सावनेरलाच बीएस्सी कर.

"अलाऊ कोणाला?" मी विचारलं.

"कोणाले म्हणजे? मलेच ना, दादा."

"मग लिही ना तसं."

तिनं 'अलाऊ'पुढे 'मी' घातला. मग न सांगता खाली आणखी एक ओळ लिहिली : 'आय वॉन्ट हिम टू लेट मी गो.' 'हिम'पुढे 'टू' आहे, 'मी'पुढे नाही. एकाच वाक्यात दोन्ही रचना, दोन्ही बरोबर.

"हे बाबाले मराठीत कसं म्हणू?" तिनं विचारलं.

त्यावर आम्ही इंग्रजीपेक्षा जास्त वेळ घालवला. 'मला जाऊ द्या' तिला भीक मागितल्यासारखं वाटलं, 'मी जाणार' भांडल्यासारखं. शेवटी 'मी नागपूरले शिकाव, असं मले वाटते' यावर ती थांबली. प्रवेशाचे पर्याय भरायला तेव्हा चार दिवस उरले होते.