मिरजेचं वॉल्थर

३ डिसेंबर २०२३, रविवार

सकाळी मिरजेला डॉक्टरांकडे गेलो. त्यांचं वय झालंय, हात थरथरतो, मुलं परदेशात. पिस्तूल जबाबदार माणसाकडे जावं म्हणून त्यांनीच निरोप धाडला होता. टेबलावर चादर अंथरून त्यांनी आधी मॅगझिन काढलं, स्लाइड मागे ओढली, नळीत काडतूस नाही हे स्वतः वाकून बघितलं, मग मला बघायला लावलं आणि त्यानंतरच पिस्तूल माझ्या हातात दिलं. माझं निम्मं मत तिथंच झालं. इतकी वर्षं ज्यानं शस्त्र असं हाताळलं, त्यानं ते राखलंही तसंच असणार.

वॉल्थर पीपी, पॉइंट बत्तीस बोअर. बॉडी, स्लाइड, नळी, सगळं पोलादी. कुठं अ‍ॅल्युमिनियम नाही. वजन पाऊण किलोच्या आत, पण मुठीत घेतल्यावर भरीव लागतं. स्लाइडच्या माथ्यावर उजेड चमकून नेम चुकू नये म्हणून बारीक नागमोडी रेघा आहेत. भिंगातून शिक्के बघितले: गरुडाखाली एन, शेजारी उल्मच्या चाचणीगृहाचं सांबरशिंग आणि ६८ हा आकडा. म्हणजे १९६८ची तपासणी. नंबर परवान्यावरच्या नंबराशी ताडला, जुळला. डॉक्टर जर्मनीतलं शिक्षण संपवून परतताना रीतसर परवानगीनं ते घेऊन आले होते. जकातीची पावती अजून फाइलला आहे.

काळा-निळा मुलामा नळीच्या तोंडाशी आणि कडांना उडालाय. ते तोंडाचं घासणं कातडी म्यानाचं आहे, माराचं नाही. नळीत बॅटरी धरली. सहा खोबणी, धारा स्वच्छ, खड्डे नाहीत. आयुष्य टूलरूममध्ये गेल्यानं माझी नजर मुलाम्यावर ठरत नाही, घासणाऱ्या पृष्ठभागांवर जाते. स्लाइडच्या खाचा आणि बॉडीचे रूळ पंचावन्न वर्षांनंतरही असे बसलेत की आडवं हलवलं तर नखाएवढीसुद्धा खुटखुट नाही.

किंमत ठरली. इथं लिहीत नाही.

११ डिसेंबर, सोमवार

परवानाधारकानं आपलं शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं तर शस्त्र अधिनियम १९५९च्या पाचव्या कलमाप्रमाणे आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवावं लागतं. कुणाला विकतोय, त्याचं नाव-पत्ता द्यावा लागतो आणि त्यानंतर ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. डॉक्टरांचा अर्ज आज सांगलीत दाखल झाला. माझे कागद इथं कोल्हापुरात आधीच गेलेत.

सौ. म्हणाली, "अहो, दीड महिना थांबायचं? घर घेतलं तरी एवढे दिवस लागत नाहीत." मला हे थांबणं योग्य वाटतं. ज्या वस्तूनं माणूस मरू शकतो ती दुपारच्या जेवणाआधी ठरवून संध्याकाळी घरी आणता येऊ नये.

२०१९च्या दुरुस्तीनं एका परवानाधारकाकडची शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. वडिलांची बारा बोअरची बंदूक वारसाहक्कानं माझ्याकडे आहे. म्हणजे ही माझी दुसरी आणि शेवटची जागा. ती भरताना नीट बघूनच भरायची.

१८ डिसेंबर

गन हाउसवाल्याशी बोलणं झालं. खासगी माणसानं परदेशी शस्त्र आयात करणं ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद आहे. त्यामुळे त्याआधी देशात आलेली पिस्तुलं तेवढीच, एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरत राहतात. नऊ मिलिमीटर सामान्य माणसाला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअर. म्हणून सगळी मागणी पॉइंट बत्तीसवर. जर्मन नाव असलं की किंमत लाखांत जाते. जेम्स बाँडनं या घराण्याला आणखी भाव आणला. त्याचं ते पीपीके. ते मॉडेल १९३१च्या सुमाराचं, पीपीचं १९२९चं, म्हणजे त्याचा थोरला भाऊ. नळी दीड सेंटिमीटरनं लांब, एक काडतूस जास्त, मूठ पुरती हातात बसणारी. लोक धाकट्यामागं धावतात. माझ्या रुंद पंजाला थोरलाच बरा.

आयुध निर्माणीचं नवं पॉइंट बत्तीस घ्या, निम्म्याहून कमी पैशात कोरं मिळेल, असं तीन-चार जणांनी सांगितलं. सल्ला वाईट नाही; ज्याला फक्त शस्त्र हवंय त्यानं तेच करावं. मला ठोकून घडवलेल्या आणि मिलिंगवर कोरलेल्या पोलादाची ओढ आहे. ती लपवण्यात अर्थ नाही.

२४ डिसेंबर, रविवार

वॉल्थर घराण्याबद्दल वाचत बसलो. कार्ल वॉल्थर यांनी १८८६ मध्ये थुरिंगियातल्या त्सेला गावात कारखाना काढला. १९४५च्या वसंतात तिथं आधी अमेरिकी फौजा आल्या, मग तो मुलूख रशियनांकडे गेला. मुलगा फ्रिट्झ पश्चिमेला निघून आला तेव्हा यंत्रं, जिगा, गेज, माणसं, सगळं मागं राहिलं. हाताशी उरली ती मुख्यतः ड्रॉइंग आणि पेटंट. जर्मनीत शस्त्रं बनवायला बंदी होती, म्हणून त्यानं फ्रान्समधल्या म्युलूझच्या मॅन्युऱ्हिन कंपनीला परवाना दिला आणि १९५२ पासून पीपी तिथं बनू लागलं. नंतर उल्ममध्ये वॉल्थर पुन्हा उभं राहिलं.

मी उद्यमनगरात शेड टाकली तेव्हा एक जुनी लेथ तरी होती. नुसत्या ड्रॉइंगवर कारखाना पुन्हा उभा करायचा म्हणजे ती ड्रॉइंग किती पक्की असली पाहिजेत!

२९ जानेवारी २०२४, सोमवार

मुदत सरली, हस्तांतर झालं. माझ्या परवान्यावर मेक, बोअर, नंबर चढला. डॉक्टरांच्या परवान्यावरून उतरला. सही करून त्यांनी पेन बंद केलं आणि म्हणाले, "पावसाळ्यात रोज तेलाचं बोट लावा. मी कधी चुकवलं नाही."

४ फेब्रुवारी, रविवार

आज निवांत उघडलं. चापाभोवतीची कडी खाली ओढून किंचित बाजूला धरायची, स्लाइड पूर्ण मागं घेऊन मागचं टोक उचलायचं आणि ती पुढं सरकवून काढायची. हत्यार लागत नाही. नळी बॉडीतच पक्की बसवलेली, हलत नाही. नेम चांगला लागण्याचं हे एक कारण. स्प्रिंग नळीवरच चढवलेली. लॉकिंगची काही भानगडच नाही. बार होताना स्लाइड मागं यायला थोपवतं ते तिचं स्वतःचं वजन आणि ही स्प्रिंग. म्हणून इथं पोलाद शोभेसाठी नाही, कामासाठी आहे.

जुन्या वॉल्थरमध्ये सगळ्यात आधी तपासायची ती सेफ्टी. घोडा चढलेला असताना सेफ्टी खाली दाबली की ती आधी फायरिंग पिन अडवते आणि मग घोडा खाली सोडते. हा क्रम झिजला तर सुरक्षित करायला जाताना बार उडू शकतो. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवली. नळी पुन्हा बघितली. मग पिस्तूल उभं धरून नळीत एक पेन्सिल सोडली, रबराचं टोक खाली. चाप ओढला, पेन्सिल टुणकन उडून बाहेर. म्हणजे पिन जोरात पुढं येते. पुन्हा पेन्सिल सोडली, घोडा चढवला आणि या वेळी सेफ्टी दाबली. घोडा खाडकन पडला, पेन्सिल जागची हलली नाही. हे पुन्हा पुन्हा केलं, सेफ्टी हळू दाबून, झटक्यात दाबून. पेन्सिल ढिम्म. तेव्हा कुठं हे शस्त्र घरात ठेवायला माझं मन तयार झालं.

घोड्याच्या वर एक बारीक पिन आहे. नळीत काडतूस असलं की ती बाहेर डोकावते आणि अंधारातही बोटाला कळते. तरी तिच्यावर विसंबायचं नाही, डोळ्यांनीच बघायचं.

एक उणीव आहे. स्प्रिंग थकलीय. स्लाइड ओढताना जेवढा जोर लागायला हवा तेवढा लागत नाही. असंच वापरलं तर स्लाइड बॉडीवर आदळत राहील आणि एक दिवस बॉडीला चीर जाईल.

१२ फेब्रुवारी, सोमवार

फोरमनला स्प्रिंगचं सांगितलं. तो म्हणाला, "मालक, धा मिनटाचं काम हाय. वायर आणतो, लेथवर गुंडाळतो. हाय काय अन् नाय काय!" खरंच दहा मिनिटांचं आहे. वायरची जाडी, वेढे, पोलादाची जात, सगळं मी घरबसल्या सांगू शकतो. पण शस्त्राची दुरुस्ती आणि चाचणी हे कलम ५ मध्ये परवान्याचं काम आहे, आणि माझ्याकडे शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे, दुरुस्तीचा नाही. शेडमधल्या माणसांसमोर ते पिस्तूल बाकावर उघडं ठेवणं हे तर त्याहून वाईट. आज मालकानं स्प्रिंग गुंडाळली तर उद्या कुणी नळी ओढेल. पुण्याच्या परवानाधारक कारागिराकडे रीतसर दिलं. त्यानं जुन्या साठ्यातली स्प्रिंग बसवली, पावती दिली. फोरमनला माझं म्हणणं पटलं की नाही कोण जाणे, पण विषय संपला.

२५ फेब्रुवारी, रविवार

रेंजवर. काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. १८६९चा कारखाना, बुडावर केएफ. गोळी छोटी, म्हणून धक्काही छोटा असेल असं वाटत होतं. तसं नाही. स्लाइड सरळ मागं येते आणि धक्का अंगठ्याच्या बेचक्यात टोचल्यासारखा बसतो. पहिला बार घोडा न चढवता, नुसता चाप ओढून. तो चाप लांब आणि जड, गोळी खाली गेली. पुढचे बार घोडा चढलेला असल्यानं हलके, काच तुटावी तसा चाप सुटतो. पंधरा मीटरवर गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडल्या. नव्या स्प्रिंगनं एकही पुंगळी अडकली नाही. पुंगळ्या मोजून वहीत लिहिल्या.

शेजारच्या गल्लीत एक तरुण परवानाधारक. "काका, हे कमरेला लावून लग्नात मिरवायला काय दिसेल!" मी त्याला सांगितलं की आनंदानं हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वर गेलेली गोळी कुठंतरी खाली येतेच. तो हसला. मला हसू आलं नाही.

२६ मार्च, मंगळवार

लोकसभेची आचारसंहिता १६ तारखेपासून लागली. सरसकट सगळ्यांनी शस्त्र जमा करायचं असं नसतं, छाननी समिती ठरवते; पण मला पत्र आलं. काल रात्री नळीत आणि स्लाइडखाली दाट तेल भरलं, तेलकट मलमलीत गुंडाळलं. म्यानात ठेवलं नाही. चामडं ओल धरतं. ठाण्यात नोंद करून, नंबर हवालदारासमोर वाचून दाखवून पावती घेतली. बारा बोअरही गेली. कपाट रिकामं आहे आणि झोप नेहमीसारखीच लागते, हे इथं मुद्दाम लिहून ठेवतो. परवाना घेताना अर्जात स्वसंरक्षण लिहिलं होतं.

११ जून, मंगळवार

परत आणलं. पाऊस सुरू झालाय. मलमल सोडली तर मुठीच्या मागच्या पट्टीवर बोटाचा पुसट तांबूस ठसा. जमा करताना कुणीतरी उघड्या हातानं धरलं असणार. घामानं पोलाद असं गंजतं. तेल आणि मऊ कापड घेऊन बराच वेळ बसलो. गंज गेला, पण मुलाम्यावर डाग राहील. आता प्रत्येक वेळी हाताळून झालं की पुसायचं, कुणाचाही हात लागो.

१ ऑगस्ट, गुरुवार

पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळेला पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी! शेडमध्ये पेढे वाटले. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि आता हा. या जिल्ह्यात पोरांनी शस्त्राची ओळख रेंजवर करून घ्यावी, लग्नाच्या मांडवात नव्हे.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

खंडेपूजन. शेडमध्ये व्हर्नियर, मायक्रोमीटर, लेथ यांना झेंडू वाहिला. घरी बंदूक आणि पिस्तूल पाटावर मांडली, दोन्ही रिकामी, मॅगझिन वेगळं. सौ. हळद-कुंकू लावायला पुढं झाली. ओलं कुंकू मुलामा खातं, म्हणून तिनं ते खालच्या खणाला लावलं आणि शस्त्रांवर नुसतं एकेक फूल ठेवलं. आरती झाल्यावर फुलं लगेच उचलून पुन्हा तेल लावलं. लेक बघत होती. तिनं विचारलं, "बाबा, तुमच्यानंतर याचं काय करायचं?"

१६ ऑक्टोबर, बुधवार

विधानसभेची निवडणूक काल जाहीर झाली. पत्र येईलच, दाट तेलाची बाटली काढून ठेवलीय.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर आज लिहून पाकिटात घातलं आणि पाकीट परवान्याच्या फाइलला लावलं. माझ्यानंतर कुणी कपाट उघडून पिस्तूल हाताळू नये. किल्ली कुठं आहे ते आईला माहीत आहे. आधी ठाण्याला कळवावं, माहीतगार माणसाकडून ते रिकामं करून घ्यावं आणि विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. ठेवायची इच्छा असेल तर लेकीनं प्रशिक्षण घेऊन स्वतःच्या नावानं अर्ज करावा. नसेल तर विकावं, घाई करू नये. घेणारा आला की आधी त्याच्या हातात द्यावं आणि तो नळी बघतो का, हे बघावं. न बघणाऱ्याला विकू नये, पैसे कितीही देवो.

खाली पुण्याच्या कारागिराची पावती आणि डॉक्टरांची जकातीची पावती जोडलीय.