दावतीच्या आदल्या रात्री

बकरी ईदला आमच्याकडे सकाळी कलेजी, दुपारी बिर्याणी आणि रात्री पाये ठरलेले. गेल्या वर्षी उपाशीपोटी केलेल्या तपासणीत अब्बांचे ट्रायग्लिसराइड २८० निघाले. हवे १५०च्या आत. अम्मी म्हणाल्या, तर्री काढून टाकू. अब्बा म्हणाले, ईद झाली की चालायला लागू.

डॉक्टरांनी तर्रीला होकार दिला, पण चालायचे ते ईदच्या आधी, असे सांगितले. तेलकट जेवणानंतर तीन-चार तासांनी रक्तात चरबी सर्वात जास्त चढते. आदल्या दिवशी तासभर भरभर चाललेल्या माणसात ती कमी चढते, कारण राबलेले स्नायू ती चरबी चांगली खेचून घेतात. हा फायदा एक-दोन दिवसांत ओसरतो, आणि कुर्बानीचे गोश्त तर तीन दिवस चालते! म्हणजे रोज चालणे आले. अब्बांची गोळीही सुरूच आहे.

यंदा अरफाचा रोजा सोडून, इशानंतर आम्ही सगळे मेहरूण तलावाकडे निघालो. जळगावच्या उन्हात दिवसा कोण चालणार? अम्मी मात्र थांबल्या. मसाला वाटायचा होता. घरातल्या बायांचे रक्त कोण तपासते? ईदनंतर आम्ही अम्मींचेही तपासले. २१०. आता मसाला भाईजान वाटतात.