बोटाला लागणारी शीर

तपासणीसाठी रक्त शिरेतून काढतात, धमनीतून नव्हे. याचे कारण त्या दोघींच्या भिंतीत सापडते. मोठ्या रक्तवाहिनीची भिंत तीन थरांची असते: आत एका पेशीच्या जाडीचे गुळगुळीत अस्तर, मध्ये स्नायू आणि लवचीक तंतू, बाहेर संयोजी ऊतींचे वेष्टण. हृदयाचा प्रत्येक ठोका धमनीला सोसावा लागतो, म्हणून तिचा मधला थर जाड असतो. शिरेत दाब फार कमी. तिची भिंत पातळ, रक्त ओसरले की चपटी होणारी, पण सहज ताणणारी. विश्रांतीत असलेल्या माणसाचे निम्म्याहून अधिक रक्त शिरांतच असते.

दंडाला पट्टा बांधतात तो कोपराच्या चार बोटे वर. त्याने शिरेतला परतीचा प्रवाह अडतो. खोलवरच्या धमनीतून रक्त येतच राहते आणि शिरा भरतात. मनगटाची नाडी बंद होईल इतका पट्टा आवळला, तर येणारे रक्तही थांबते. शीर दिसेना की नवशिका पट्टा आणखी घट्ट करतो, ते यामुळेच वाया जाते. पट्टा मिनिटाहून जास्त राहिला, तर केशवाहिन्यांच्या भिंतींतून पाणी बाहेर झिरपते आणि मागे उरलेल्या रक्तात प्रथिने दाट होतात. रुग्णाला मूठ सारखी उघडमीट करायला लावली तर अहवालात पोटॅशियम वाढलेले दिसते. आजार नसतो, रक्त काढण्याची रीत चुकलेली असते.

बांधलेल्या हाताच्या शिरांवर मध्येच गाठी दिसतात, त्या आतल्या झडपांच्या जागा. पादुआच्या फाब्रिसिउसने १६०३ मध्ये या झडपांवर पुस्तिका काढली. पण रक्ताला हृदयाकडेच जाऊ देणे हे त्यांचे काम त्याच्या ध्यानात आले नाही. ते ओळखले त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने. १६२८ च्या ग्रंथात त्याने बांधलेल्या हाताची चित्रे दिली: बोटाने शीर दाबून रक्त वर सारले की रिकामा झालेला भाग वरून पुन्हा भरत नाही. हा प्रयोग आजही कोणाच्याही हातावर करून पाहता येतो. सुई मात्र गाठीवर टोचायची नसते.

कोपराच्या खळगीत तीन शिरा कामाच्या. मधली सर्वांत चांगली, कारण ती सहसा मोठी आणि जागेवर बऱ्यापैकी स्थिर असते. अंगठ्याच्या बाजूची दुसरी. करंगळीच्या बाजूची बहुधा ठसठशीत दिसते आणि मोहात पाडते. पण ती सरकते आणि तिच्या आसपास धमनी व मज्जातंतू असतात, म्हणून तिची पाळी शेवटी. निवड डोळ्यांपेक्षा बोटाने करावी. निळी दिसणारी शीर अनेकदा वरवरची, बारीक असते. भरलेली शीर दाबली की बोटाला उसळून लागते; स्नायुबंध दोरीसारखा कडक लागतो आणि दबत नाही; धमनी ठोके देते. हा फरक वाचून कळतो, पण बोटात उतरायला बरेच हात चाचपावे लागतात.

म्हातारपणी शिरेभोवतीच्या ऊती सैल पडतात, म्हणून ठळक दिसणारी शीर सुईखालून निसटते. अशा वेळी टोचण्याच्या जागेखालची त्वचा अंगठ्याने ताणून धरायची. थंडीने किंवा भीतीने शिरेतला स्नायू आखडतो. हात शेकला, खाली लोंबता ठेवला की ती भरते. सुईचे तिरपे तोंड वर ठेवून, पंधरा ते तीस अंशांच्या कोनात. कोन जास्त झाला तर सुई पलीकडची भिंत भेदते आणि रक्त ऊतींत उतरून काळेनिळे होते. निर्वात नळीची ओढ नाजूक शिरेला झेपत नाही, तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात. तिथे लहान सिरिंज सावकाश ओढलेली बरी. आलेले रक्त गडद लालच असते. लालभडक आणि उसळत आले तर सुई धमनीत गेली आहे.

पट्टा आधी सोडायचा, सुई मग काढायची, नाहीतर कोंडलेला दाब छिद्रातून रक्त बाहेर लोटतो. कापूस दाबून हात सरळ ठेवायचा. कोपर दुमडण्याची सवय सार्वत्रिक आहे, पण त्याने दाब छिद्रावर नीट पडत नाही. अस्तर फाटून उघड्या पडलेल्या तंतूंना रक्तबिंबिका चिकटतात आणि काही मिनिटांत छिद्र बुजते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्याला त्याहून जास्त वेळ दाबून धरावे लागते.