बोरूचे वळण

नाशिक

प्रिय भाऊसाहेब,



चीनमध्ये सुलेखनाला चित्रकलेच्या बरोबरीचा मान मिळाला, आपली मोडी मात्र शेवटपर्यंत कारकुनांची लिपी राहिली, तेव्हा तिला कला म्हणणे हा ओढूनताणून आणलेला अभिमान आहे, असे तुम्ही लिहिले आहे. पहिला भाग मला मान्य आहे, दुसरा नाही. फरक आहे आणि तो मोठा आहे, यात वाद नाही. पण तुम्ही तो अक्षरात शोधता. मला तो अक्षर कशासाठी जपले गेले यात दिसतो.

आधी कारकुनांचेच घेऊ. चीनमधल्या लिपीशैलींपैकी लिशू ही कचेरीतल्या लेखनिकांनीच घडवली. मुद्रांवरच्या जुन्या लिपीची गोलाईदार अक्षरे भराभर लिहिता येत नव्हती, म्हणून छिन आणि हान राजवटींच्या दप्तरांत ती चपटी आणि सुटसुटीत झाली. पुढे याच लिशूला अभिजात म्हणून डोक्यावर घेतले गेले. चौथ्या शतकातला वांग शीझी हा तिकडचा सुलेखनाचा आदिपुरुष. इ.स. ३५३ मध्ये लिहिलेल्या लानतिंगच्या काव्यसंग्रहाच्या प्रस्तावनेसाठी तो प्रसिद्ध आहे, पण त्याची कीर्ती पसरवली ती बव्हंशी त्याच्या खासगी चिठ्ठ्यांनी. खुशाली, आजारपण, कुणाला तरी पाठवलेली फळे, असे त्यातले विषय. सुलेखनकार यान झेनछिंगने ७५८ मध्ये बंडात मारल्या गेलेल्या पुतण्यासाठी लिहिलेला शोकलेख तर निव्वळ कच्चा खर्डा आहे. त्यात खाडाखोड आहे, शब्द वर घुसडलेले आहेत, बोरू नव्हे तर कुंचला मध्येच कोरडा पडलेला दिसतो. तो आज तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे आणि जगातल्या श्रेष्ठ हस्ताक्षरांत गणला जातो. रोजच्या कामासाठी, घाईत, दुसऱ्याच कारणाने लिहिलेले अक्षर कला होऊ शकत नसेल, तर चीनचे निम्मे वैभव बाद करावे लागेल.

आपल्याकडे अक्षराचा विचारच नव्हता, असेही तुम्ही सुचवता. इथे मी तुम्हाला टाकळीला नेतो. नाशिकला गोदावरी-नंदिनीच्या संगमाजवळ समर्थ रामदासांनी बारा वर्षे तप केले, अशी परंपरा आहे. त्यांच्या हातचे वाल्मीकी रामायण धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे आणि त्यातली दृष्टी सर्वस्वी कारागिराची आहे. अक्षर गोल, सरळ, सुटे हवे. शाई ठसठशीत काळी हवी. ग्रंथाचे पहिले अक्षर जसे काढले तसेच शेवटचे दिसावे, जणू सारे एकाच टाकाने लिहिले. फार बारीक लिहू नये, कारण तरुणपणी वाचता आलेले म्हातारपणी वाचता येत नाही. भोवती समास सोडावा, म्हणजे कागदाची कड झडली तरी मजकूर वाचतो. आता तुम्ही म्हणाल की हे बाळबोधाबद्दल, म्हणजे देवनागरीबद्दल आहे, मोडीबद्दल नाही. खरे आहे. पण बाळबोध स्थिर आणि मोडी वाहती, ही जोडीच चीनमधल्या नेमस्त कायशू आणि धावत्या शिंगशूच्या जोडीसारखी आहे. एकाच समाजाने दोन हात जोपासले, एक पोथीसाठी आणि एक पत्रासाठी.

मोडी वाचताच येत नाही, हा आक्षेप मला फारसा जड वाटत नाही. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरे लोंबवत न्यायची, बोरू शक्यतो उचलायचा नाही, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्वदीर्घाची फिकीर करायची नाही. एका अक्षराच्या काना-वेलांटीची शेपटी पुढच्या अक्षरात शिरते. हे वाचायला कठीण आहेच. पण झांग शू आणि हुआईसू या सुलेखनकारांची अतिधावती तृणलिपी चिनी माणसालाही शिकल्याशिवाय वाचता येत नाही, आणि तिला कुणी त्यासाठी कमी लेखत नाही. याहून वजनदार आक्षेप हत्याराचा आहे. कुंचला मऊ असतो, हाताचा दाब, थांबणे, झटका, सगळे तो कागदावर उतरवतो. बोरूची तिरकी कापलेली जीभ इतके बोलत नाही. हे मी मान्य करतो. मोडीचा सगळा खेळ कल, वळसा आणि अंतर यांत आहे, जाडीत कमी. पण इराणी नस्तालीक अशाच बोरूने लिहिली गेली आणि तिच्या कलापणाविषयी तुम्हालाही शंका नाही. तेव्हा हत्याराने मर्यादा पडतात, निकाल लागत नाही.

मग उरतो नावांचा प्रश्न. चीनकडे मी फू हा सुलेखनकार आहे, सू शी आहे, झाओ मेंगफू आहे, स्वतःची सडपातळ सोनेरी रेघ घडवणारा सम्राट ह्वेईझोंग आहे. आपल्याकडे कोण? आपल्याकडे वळणे आहेत: चिटणीसी, बिवलकरी, महादजीपंती, रानडी. ही नावे माणसांची, घराण्यांची किंवा हुद्द्यांची आहेत, म्हणजे अक्षर ओळखून त्याला नाव देण्याइतकी नजर होतीच. चिटणीसी वळण शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या नावाशी जोडले जाते. पण बाळाजी आवजींची कोणती गोष्ट मराठी मुलाला ठाऊक असते? कोऱ्या कागदावरून त्यांनी महाराजांना पत्र घडाघडा वाचून दाखवले, ही. म्हणजे इतक्या मोठ्या लेखनिकाची आख्यायिका आपण जपली ती अक्षर नसलेल्या कागदाची! १६८१ मध्ये संभाजी महाराजांनी त्यांना देहदंड दिला. यान झेनछिंगलाही बंडखोरांनी ७८५ मध्ये मारले, पण चीनमध्ये त्याचा ताठ कणा त्याच्या ताठ रेघेत वाचण्याची रीतच पडून गेली. आपण बाळाजींचे चरित्र एकीकडे ठेवले आणि अक्षर दुसरीकडे.

ही तफावत कुठून आली, हे इथल्या पांडवलेण्यात उभे राहिले की स्पष्ट होते. तिसऱ्या लेण्यातला सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला आहे. अशा लेखाचा ठसा घ्यायचा तर दगड साफ करायचा, ओला कागद चिकटवायचा, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा, मग वरून शाई थोपटायची. अक्षरे पांढरी उठतात, भोवती काळे. अशाच ठशांवरून अभ्यासकांनी आपले कोरीव लेख लावले. इथल्या लेखांवर आधी भगवानलाल इंद्रजींनी काम केले आणि पुढे सेनारने ते एपिग्राफिया इंडिकात छापले. ठसा घेण्याची हीच रीत चीनमध्ये हजारभर वर्षांहून जुनी आहे. फरक इतकाच की तिकडे ठसा घेतला तो गिरवण्यासाठी. सोंग दरबाराने ९९२ मध्ये जुन्या हस्ताक्षरांचे दहा खंड कोरून त्यांचे ठसे वाटले, त्यांतले पाच नुसत्या वांग शीझी आणि त्याच्या मुलाच्या अक्षरांचे. त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या हात बसले. आपण ठसा घेतला तो सातवाहनांची वंशावळ लावण्यासाठी, आणि वंशावळ लागल्यावर अक्षराचे काम संपले.

यावर तुम्ही म्हणाल, इतिहास बुडत असताना अक्षराचे सौंदर्य काय बघत बसायचे? इतिहाससंशोधक राजवाड्यांसारख्यांनी गावोगाव हिंडून, वाण्याच्या दुकानात पुड्यांसाठी जाण्याआधी कागद वाचवले, त्यांच्याकडून ही अपेक्षा करणे अन्याय आहे. मीही ती करत नाही. शिवाय अस्सल आणि बनावट सनद वेगळी करताना त्या मंडळींनी वळण बारकाईने पाहिलेच. पण ती नजर पंचनाम्याची होती. मजकूर बाळबोधात छापून निघाला की मूळ कागद पुराव्यापुरता उरला. छपाईने मोडीला बाहेर काढले, हे आपण नेहमी म्हणतो. चीनमध्ये छपाई आपल्या कितीतरी आधी आली, तरी हाताचे महत्त्व घटले नाही, कारण सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसणाऱ्याला अक्षर सुधारणे भागच होते आणि सुधारण्यासाठी कित्ता घरात होता.

म्हणून मोडी ही कला होती की नव्हती, हा तुमचा प्रश्न मला अजून विचारण्याजोगाच झालेला नाही असे वाटते, कारण उत्तर देण्याजोगा पुरावा आपण त्या दृष्टीने मांडलेलाच नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत, सालांत, खात्यांत लावलेले आहेत, हाताप्रमाणे नाहीत. कोणत्या लेखनिकाचे अक्षर कोणत्या वर्षी कसे बदलले, हे पाहायचे तर आधी ती मांडणी करावी लागेल. अच्युत पालवांनी मोडीच्या वळणांतून नवे सुलेखन उभे केले ते कलावंत म्हणून. अभ्यासकांचे काम बाकी आहे. सुरुवात इथूनही होऊ शकते. नाशिकच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी मोडीत आहेत, अनेकदा आलेल्याच्या स्वतःच्या हातच्या. देशस्थ कारकून, खानदेशी पाटील, कोकणचा खोत, सगळ्यांची वळणे एकाच वहीत लागोपाठ. तुम्ही डिसेंबरात येणारच आहात, तर एखाद्या उपाध्यांकडे शब्द टाकून ठेवतो. फक्त येताना मोडी लावता येणाऱ्या कुणाला तरी बरोबर आणा.

कळावे, लोभ असावा.

तुमचा स्नेही